पोटाचं मी बघते

"आधी पाजा, मग बोला."

असं म्हणायची आणि कमरेवर थाप मारायची. तिथं, लुगड्याच्या केळ्यात, म्हणजे कमरेच्या खोच्यात, डाव्या अंगाला एक कल्हई केलेलं पितळी बोंडलं खोचलेलं असायचं. बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायची चोचीची इवलीशी वाटी. तुम्हीही कधीतरी तिच्यातूनच प्यायला असाल, आठवत नसेल एवढंच. थाप मारली की तिला कळायचं, बोंडलं जागेवर आहे. आणि समोरच्याला कळायचं, आता हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

समोरचा कोण आहे याची तिला काही पडलेली नसायची. डॉक्टर असो, बाळंतिणीची सासू असो, खादीची टोपी घालून वॉर्ड बघायला आलेला कुणी मोठा माणूस असो. मला तर दिवसातून चार वेळा ऐकवायची, आणि मी तर कुणाला पाजायलाही बसलेली नव्हते!

सगळे तिला अक्का म्हणायचे. सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी बाई. दवाखान्यात आया होती. आया म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे: फरशी पुसायची, भांडी उचलायची, शिव्या खायच्या. कुठला दवाखाना ते मी सांगणार नाही. एकदा सांगितलं होतं, मोठमोठ्या अक्षरांत सांगितलं होतं. त्याचं काय झालं ते पुढं येतंच आहे.

दुष्काळ संपून वर्ष झालं होतं. मी वीस वर्षांची, कॉलेजात नावाला, बाकी सगळा वेळ आमच्या संघटनेच्या खोलीत. पत्रकं लिहिणं हे माझं काम. रेशनवरच्या मिलो ज्वारीत किडे निघाले, लिही पत्रक. रॉकेल काळ्या बाजारात गेलं, लिही पत्रक. नळाला चार दिवसांनी पाणी आलं, तेही गढूळ, लिही पत्रक. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाईलचा दांडा फिरवायचा, शाईनं काळी झालेली बोटं मिरवत नव्या पेठेत उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात कागद कोंबायचा. उद्गारचिन्हांशिवाय मला वाक्य संपवता येत नसे. अजून नीट येत नाही, ते तुम्ही बघताच आहात!

वहिनी बाळंत झाली म्हणून डबा घेऊन मी त्या दवाखान्यात जायला लागले. वहिनीची खाट सहा नंबरची. तिथं बायकांना नावं नसायची. "ए सहा नंबर, उठून बस." "आठ नंबर, नातेवाईक बाहेर."

वॉर्डाच्या टोकाला, खिडकीपाशी, एक दगडी टेबल होतं. त्यावर दुहेरी घडी घातलेली चादर. पहिल्या दिवशी मला वाटलं कपडे ठेवायची जागा असेल. मग चादरीतलं काहीतरी हललं.

"ते काय आहे?" मी वहिनीला विचारलं.

वहिनीनं तोंड फिरवलं. "तिकडं बघू नका वन्सं. ते बाजूचं आहे."

जे बाळ जगणार नाही, किंवा जगू नये असं मोठ्यांना वाटायचं, ते त्या टेबलावर जायचं. कागदावर काही लिहीत नसत. कुणीतरी नुसतं म्हणायचं, "बाजूला ठेवा." झालं! दूध वाटणारी सिस्टर खाटा मोजत यायची आणि खिडकीच्या अलीकडूनच वळायची. वाईट नव्हती हो ती सिस्टर. माझ्या वहिनीची वेणी घालून द्यायची. पण खिडकीच्या अलीकडून वळायची.

मी तडक टेबलापाशी गेले. बाळाच्या डोक्याचा वरचा भाग नव्हताच. कपाळ होतं आणि मग काही नव्हतं. तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला.

"काय गं, काय बघतीस? जत्रा हाय का?"

"हे काय चाललंय इथं? हा खून आहे! याला कुणी विचारणारं नाही? मी..."

"हात दे."

"काय?"

"हात दे म्हणते. तोंड नको."

आणि तिनं ते बाळ माझ्या हातात दिलं. तिनं कापसाची बारीक वात वळली. काय सफाई होती त्या बोटांत! आया व्हायच्या आधी पंधरा वर्षं तिनं विड्या वळल्या होत्या, तंबाखूचा पिवळा डाग अजून अंगठ्यावर होता. वात दुधात बुडवून तिनं बाळाच्या ओठांवरून फिरवली. "अय्यो बंगारू," म्हणाली. बंगारू म्हणजे सोनं. ओठ एकदा हलले. पुन्हा वात बुडवली, पुन्हा फिरवली. दुपारच्या घंटेपर्यंत ते बाळ गेलं, माझ्या हातातून तिच्या मांडीवर आणि तिथून.

मी रडायला लागले. तिनं चादर बदलली, खाली पडलेला कापूस उचलला आणि म्हणाली, "हे जाणारच हुतं. त्याला कोन आडवणार? पण कोरड्या तोंडानं न्हाय गेलं."

त्या दिवसापासून मी तिच्या मागेच लागले. अशी बाई सापडणं म्हणजे पत्रक लिहिणाऱ्याला लॉटरी! मी तिला विचारलं, हे बोंडलं कुणाचं? मनात म्हटलं, हिचं स्वतःचं बाळ गेलं असणार, त्याचं हे बोंडलं असणार, आता डोळ्यांत पाणी येणार. पेन्सिल काढून तयार बसले.

"मंगळवारच्या बाजारातनं आनलंय," अक्का म्हणाली. "का? तुला पायजे? चेपलेलं सवस्तात देतो तो."

"पण तुमची मुलं?"

"दोन पोरं हायती. यंत्रमागावर जात्यात. लई खात्यात."

मी पेन्सिल आत ठेवली. तिनं मला तेव्हाच नाव ठेवलं. "ए पत्रक, जरा ती बादली सरकव."

आता तुम्ही म्हणाल, भोळी बाई, देवभोळी बाई, प्रत्येक जीव वाचवायला निघालेली. अजिबात नाही! ज्याला नळ्या घालून काही होणार नव्हतं त्याला नळी घालायला कुणी आलं, तर हीच आडवी उभी राहायची. "का टोचता? जाऊ द्या की सुखानं." मरणाशी तिचं भांडण नव्हतं. तिचं भांडण उपाशी ठेवण्याशी होतं.

सोमवारी सकाळी सात नंबरच्या खाटेवर कुर्डुवाडीपलीकडच्या केम गावची एक पोरगी बाळंत झाली. अठरा-एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगी झाली. मुलीच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, लिंबाएवढा फुगा. वरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी. आत मणक्याचं हाड जुळलेलंच नव्हतं. पाय होते, पण ते नुसतेच होते, हलत नव्हते. रडणं बारीक. चोखायची ताकद नाही.

डॉक्टरांनी बापाला आणि सासूला दाराशी बोलावलं. मी वहिनीच्या पडद्यामागं होते, शब्द न् शब्द ऐकला.

"पाठीचं ऑपरेशन पुण्या-मुंबईला होतं," डॉक्टर म्हणाले. "झालं तरी पाय येणार नाहीत. डोक्यात पाणी साठू शकतं. लघवीचा ताबा राहणार नाही. तुम्ही ठरवा. उगीच त्रास वाढवू नये असं माझं मत आहे."

बाप नुसता टोपी हातात घेऊन उभा. सासू पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुमी म्हनाल तसं, सायेब. ऱ्हाऊ द्या मग."

आणि मुलगी टेबलावर गेली. आईला सांगितलं, बघू नकोस, जीव गुंतेल.

मी तिथंच पेटले! 'ऱ्हाऊ द्या मग' म्हणे! मनातल्या मनात मथळा तयार झाला.

अक्कानं मथळा केला नाही. ती वहिनीकडं आली आणि म्हणाली, "सहा नंबर, तुजं पोरगं पिऊन उरतंय का?" वहिनी लाजली. उरत होतं. पहिले दोन दिवस केमची ती मुलगी माझ्या वहिनीच्या दुधावर राहिली. पाठीला धक्का लागू नये म्हणून अक्का तिला पालथी हातावर घ्यायची, मान जराशी वळवायची, आणि बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्याला लावून थेंब थेंब सोडायची. एक थेंब, मग थांबायचं, गिळते का बघायचं, मग दुसरा. वाटीभर दुधाला तास लागायचा. मी एकदा करून बघितलं. पाच मिनिटांत माझा हात भरून आला आणि दूध तिच्या कानात गेलं.

"तू पत्रक लिव," अक्का म्हणाली.

मंगळवारी डॉक्टरांनी पकडलं.

"अक्का, हिला काही द्यायचं नाही असं ठरलंय."

"औशद न्हाय दिलं की."

"दूध देतेस."

"दूध औशद हाय व्हय, सायेब?"

डॉक्टर चिडले नाहीत. थकलेले होते, रात्रपाळी करून दिवसाही तेच. खुर्ची ओढून बसले. "तू तिचं मरण लांबवतेस. चार दिवसांत सुटायची ती पंधरा दिवस झिजेल. आणि समज, जगली. दहा वर्षांनी तिला उचलून संडासला कोण नेणार? तू?"

मी पडद्यामागं मुठी आवळून उभी, मनात म्हणतेय, बोल, बोल ना काहीतरी! अक्का म्हणाली, "ते मला न्हाय म्हायती, सायेब."

मग कमरेवर थाप.

"पाठीचं तुमी बघा. पोटाचं मी बघते. आधी पाजू द्या, मग बोला."

डॉक्टर उठून गेले. पण त्यांनी सिस्टरला तिला अडवायला सांगितलं नाही, हेही मी तुम्हाला सांगते. तेव्हाच्या माझ्या पत्रकात हे वाक्य नव्हतं. तिथंच माझं चुकायला सुरुवात झाली.

बुधवारी सात नंबरला पान्हा फुटला. चोळी भिजली, छाती दगडासारखी झाली, पोरगी कळवळायला लागली. अक्का वाटी घेऊन गेली. "काड दूध. ठनका कमी हुईल." पोरीनं काढून दिलं. दुपारी पुन्हा. तिसऱ्या वेळेला तिनं अक्काचं मनगट धरलं.

"माजं दूध कुटं नेता तुमी?"

"जिचं तिला," अक्का म्हणाली.

पोरगी उठून बसली. टाके ताजे, तरी उठून बसली. कुणाला न विचारता भिंत धरून खिडकीपर्यंत चालत आली. सगळा वॉर्ड बघत होता. तिनं टेबलावरच्या लेकीच्या पायाला हात लावला, न हलणाऱ्या पायाला, आणि म्हणाली, "नखं माज्यावानीच हायत की."

लोकहो, हे बघून कोण गप्प बसेल? मी बसले नाही. त्याच संध्याकाळी स्टेन्सिल कापली. "सोलापुरात दिवसाढवळ्या अर्भकांची उपासमार!!" दवाखान्याचं नाव घातलं. "केमची एक अभागी माता, खाट क्रमांक सात." "क्रूर सासूच्या इच्छेपुढं डॉक्टरांनी टेकले गुडघे!" माझ्या आजवरच्या पत्रकांत हे सगळ्यांत झणझणीत. गुरुवारी सकाळी नव्या पेठेत वाटलं, उरलेलं दवाखान्याच्या फाटकात वाटलं, आणि एक प्रत घेऊन धावत अक्काकडं गेले.

तिला मराठी छापील वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं, खड्या आवाजात, हातवारे करून. ती फडकं पिळत ऐकत होती.

"झालं?"

"झालं! आता बघा कसे हलतात सगळे."

"आनि ह्यो कागद तिच्या सासूला कुनी वाचून दाखवला, तर ती काय करंल? ते लिवलंस का?"

मी लिहिलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.

फाटकात सासूकडचा एक पाहुणा भेटायला आला होता, त्यानंच तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. भोवती दहा माणसं. दुपारी मी डबा घेऊन आले तेव्हा सात नंबरची खाट रिकामी होती. सासूनं सुनेला उठवलं, टेबलावरची मुलगी धडप्यात गुंडाळली आणि कुणाचंही न ऐकता स्टेशनचा रस्ता धरला. अक्का तेव्हा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत उभी होती. बाहेरच्या पोरीला वॉर्डात इतकं आत कुणी येऊ दिलं, याची चौकशी.

"मी," म्हणाली.

मी तिच्यापुढं गेले तेव्हा तिनं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं कमरेवर थाप मारली. बोंडलं तिथंच होतं. तेच तर! बोंडलं सोलापुरात आणि मुलगी केमला.

शुक्रवारी अक्काची सुट्टी. सकाळी आमच्या दारात उभी. "चल. गाडी चुकंल. आनि तोंड बंद ठिवायचं, सांगून ठिवते."

पॅसेंजर गाडी प्रत्येक स्टेशनावर बसकण मारत होती. मी खिडकीत. कालपासून त्या मुलीला कुणी पाजलं असेल? तिला चोखता येत नाही. कुणाला माहीत आहे तिला पालथी कशी धरायची? आणि ज्या बाईला मी गावभर क्रूर म्हणून छापलं, तिच्या घरात ती मुलगी आहे! माढा गेलं. कुर्डुवाडी गेलं. मी अक्काला दहा वेळा विचारलं, "असेल ना हो?" ती पदराच्या टोकाशी कापूस वळत बसली होती.

केमला उतरून विचारत विचारत वस्तीवर गेलो. माळवदाचं घर, दारात दोन मेंढ्या. सासू अंगणात उकिडवी बसून पाटा-वरवंटा धूत होती. शेजारी सुपात हळद, कुंकू, खोबऱ्याची वाटी.

अक्का जागच्या जागी थांबली. माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"पाचवी," ती पुटपुटली.

मला उशिरा उजाडलं. सोमवार ते शुक्रवार, पाचवा दिवस. पाटा-वरवंटा मांडून सटवाईला पुजायचं, बाळाच्या नशिबात काय ते लिहायला तिला बोलवायचं. बाजूला ठेवलेल्या बाळाची पाचवी कुणी करत नाही. गेलेल्याची तर नाहीच नाही!

सासूनं मान वर केली आणि मला ओळखलं.

"आलीस व्हय? आता आनि काय छापायचं राह्यलं?"

मी तोंड उघडलं. अक्कानं चिमटा काढला. "पोरगी?" तिनं विचारलं.

"पोरगी काय? हाय की आत."

अक्का उंबऱ्यावर बसली. हातात काम नसताना तिला बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

आणि मग सासू बोलायला लागली. पाटा धूत, माझ्याकडं न बघता. "धा मान्सांत वाचून दाकवलं. सासू उपाशी मारायला निगाली म्हनं. सा बाळतपनं झाली माजी, तीन लेकरं जगली, तीन गेली. एकाला बी उपाशी ठिवलं न्हाय. त्यो सायेब म्हनला, तरास वाडवू नका. म्हून म्हनलं, तुमी म्हनाल तसं. शिकलेला मानूस. आमाला काय कळतंय त्यातलं? काल गाडीत सुनंच्या पदराला कापूस हुता बांदलेला. लुगडं भिजलेलं. तसंच कापूस पिळून पिळून पाजत आनली."

तो कापूस कुणी बांधून ठेवला होता? मी अक्काकडं बघितलं. ती मेंढीकडं बघत होती.

लोकहो, मला त्या अंगणात उभ्या उभ्या जे कळलं ते ऐका. डॉक्टर म्हणतात, घरच्यांनी ठरवलं. घरचे म्हणतात, डॉक्टरांनी ठरवलं. एकानं दुसऱ्याचा मान राखला, दुसऱ्यानं पहिल्याचं ज्ञान मानलं, आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत एक लेकरू उपाशी मरायला ठेवलं गेलं. ठरवलं कुणीच नव्हतं! आणि मी? मी सोप्यात सोपं माणूस शोधून त्याच्या कपाळावर खून चिकटवला.

अक्का आत गेली. सुनेला पुढ्यात घेऊन बसली, मुलीला पालथं कसं घ्यायचं, मान कशी वळवायची, पाठीवर उकळून वाळवलेलं फडकं कसं ठेवायचं, सगळं दाखवलं. बोंडलं धुतलं, भरलं, आणि सुनेच्या हातात दिलं. एक थेंब. थांब. गिळती का बघ. आता दुसरा.

दिवे लागायच्या आधी पूजा मांडली. पाट्याला हळदकुंकू झालं. कुंकू बनवणारं गाव ते, केमला कुंकवाचा काय तोटा! दिवा झाला. मग सासू थबकली. सटवाईला लिहायला कोरा कागद हवा. त्या घरात शाळेत जाणारं कुणी नव्हतं. कागद असणार कुठून? मी पिशवी उचकायला लागले. पिशवीत नुसती पत्रकं.

सासूनं कमरेची चंची सोडली. आतून घडी घातलेला कागद काढला, मांडीवर ठेवून हातानं साफ केला. माझंच पत्रक. फाटकात पाहुण्याच्या हातातून हिसकून घेतलेलं. तिनं ते उलटं करून पाट्यापुढं ठेवलं, छापलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. वर पेन्सिलीचा तुकडा ठेवला.

"ह्या अंगाला तू लिवलंस," ती मला म्हणाली. "आता त्या अंगाला तिला लिवू दे."

परतीच्या गाडीत अक्कानं सवयीनं कमरेवर थाप मारली. हात नुसत्या लुगड्यावर पडला. ती हसली. "मंगळवारी दुसरं घीन की."

डॉक्टरांना मी जाऊन सगळं सांगितलं, उद्गारचिन्हांशिवाय. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. आणि त्यानंतर ते नातेवाइकांना विचारताना शेवटी एक वाक्य जोडायला लागले: "तुम्ही काहीही ठरवा, दूध चालू राहील." खिडकीतलं टेबल तिथंच आहे. पण सिस्टर आता त्याच्यापर्यंत जाऊन वळते. हे मी डोळ्यांनी बघून आले आहे.

अक्काची मात्र बदली झाली. चौकशीचं काहीतरी फळ द्यायलाच हवं होतं. सांगोल्याच्या एका लहान दवाखान्यात, पुरुषांच्या बाजूला, फरशी पुसायला. माझ्या पत्रकामुळं. मी ते लपवत नाही.

केमची मुलगी दहा महिने जगली. पुण्याला नेली होती. डोक्यात पाणी होतं, करण्यासारखं फार नव्हतं, परत आणली. पाय कधीच हलले नाहीत. डॉक्टरांचं बरंचसं खरं निघालं. पण मेंढी दारात आली की ती हसायची, इतकं मोठ्यानं की आजी मुद्दाम मेंढीला ओरडून आत बोलवायची. तुम्ही विचाराल, दहा महिन्यांसाठी एवढा खटाटोप? हो! दहा महिन्यांसाठी! तुमच्या-माझ्या महिन्यांपेक्षा ते कमी किमतीचे होते असं म्हणणारा कोण आहे, त्यानं पुढं यावं.

ती गेली हे सांगायला मी सांगोल्याला गेले. भर उन्हाळा, दवाखान्यापुढं टँकरची रांग. अक्का व्हरांड्यात कापूस वळत बसलेली. मी सांगितलं. तिनं मान खाली ठेवूनच एक विचारलं.

"पोट भरल्यालं हुतं का?"

"सकाळी दोन बोंडली प्यायली म्हणे. दुपारी झोपेत गेली."

"मग झालं."

आणि पुन्हा कापूस वळायला लागली. मी तासभर बसले होते. त्या लहानशा दवाखान्याला वर्षभर पुरेल इतका कापूस तिनं त्या तासात वळला. टोपली भरली, तरी वळतच होती.

गेल्या पावसाळ्यात अक्का गेली. कावीळ. मला कळलं पंधरा दिवसांनी, नव्या पेठेत पत्रकं वाटताना, तिची सून भेटली तेव्हा. माझी सवय जात नाही. मी विचारलं, शेवटी काही म्हणाली का?

"काय न्हाय," सून म्हणाली. "भूक न्हाय म्हनली."

संघटनेतले मित्र माझ्यावर रागावतात. कागदाची टंचाई आहे, भाव कुठल्या कुठं गेलेत, शहाण्या माणसानं दोन्ही बाजूंनी छापावं. मी ऐकून घेते. पत्रकं अजूनही लिहिते, अजूनही चिडून लिहिते. पण एकाच बाजूला. मागची बाजू कोरी सोडते.